केरबाचा पंच

“सुटलं की रं हे!” केरबा ओरडला आणि हातातला रबरी हातोडा त्यानं बाकावर आपटला.

“सुटायलाच पायजे, बाबा,” नागसेन हसून म्हणाला. त्याच्या एका पायात जाडजूड प्लास्टिकचा बूट होता. त्या बुटाखालून निसटलेली आखूड फळी केरबाच्या वर्कशॉपच्या शेडमध्ये फरशीवरून घसरत लेथ मशीनपर्यंत गेली होती.

कोल्हापूरकराला बर्फ ठाऊक असतो तो गोळेवाल्याच्या गाडीवरचा. केरबाचा एकुलता एक मुलगा नागसेन मात्र बर्फावर पोट भरत होता. पोरांबरोबर पन्हाळ्याचे कडे चढायचं वेड लागलं आणि त्या वेडानं त्याला उचलून थेट मनालीला नेऊन टाकलं. तिथल्या एका शिबिरात तो लोकांना बर्फाळ डोंगरांत फिरवायचा. यंदा दिवाळीनंतर घरी आला तो बगलेत या दोन फळ्या मारूनच. कुणी परदेशी पाहुणा जाताना त्याला देऊन गेला होता. बर्फावर घसरत जायच्या स्कीसारख्याच, पण हातभर लांबीच्या. उद्यमनगरातल्या शेजारपाजारच्या शेडमधली माणसं बघायला आली. शेजारचा पिराजी म्हणाला, “कोल्हापुरी पायताण जरा लांबलंय म्हणायचं!”

फळ्यांना मुळात जी पकड होती तिच्यात टाच पक्की जखडायची आणि पडलं तरी पाय सुटायचा नाही. गुळगुळीत उतारावर ते चालतं. नागसेनला जायचं होतं जिथं वाटही नसते अशा डोंगरात. चढताना टाच मोकळी हवी, उतरताना बांधलेली हवी, आणि पडलं की फळी पायातून आपोआप सुटायला हवी. तशा पकडीची जुनी जोडी त्यानं मनालीत मिळवली होती. तो तिला बाइंडिंग म्हणायचा. केरबाला त्या शब्दानं वहीची शिवण आठवायची, म्हणून तो तिला खटका म्हणायचा. खटक्याची भोकं फळीच्या भोकांना जुळत नव्हती आणि फळीला नवं भोक पाडलं तर पाणी शिरून ती आतून कुजणार. केरबानं मग मध्ये अॅल्युमिनियमची जाड प्लेट घातली. खालून फळीचे स्क्रू, वरून खटक्याचे. आटे असे पाडले की बोटाला टोचू नयेत. दोन दिवस बापलेक त्यातच होते. इतकं जवळ बसून दोघांनी कधी काम केलं नव्हतं, आणि केरबा मनातून नुसता फुलला होता.

फक्त ते सुटणं त्याला पटत नव्हतं.

“ह्यो मागचा स्क्रू बघा,” नागसेन समजावत होता. “ह्यो आवळला की उशिरा सुटतंय, सैल केला की लौकर. माझ्या वजनाला मी लावलाय तेवढाच बरोबर. पडलो आणि सुटलं न्हाय तर फळी पायाला पिळून काढती.”

“आणि मधीच सुटलं तर? खाली दरी आसंल तर?”

“न्हाय सुटत मधीच.”

“आता सुटलं की माझ्या डोळ्याम्होरं!”

“हातोडा मारलासा की तुमी!”

केरबा लेथपाशी गेलेली फळी उचलायला वळला, पण पटलं होतं म्हणून नव्हे. ‘केरबाचं काम सुटत न्हाय’ ही उद्यमनगरात म्हण झाली होती. नदीकाठचे कितीतरी पंप त्यानं बसवलेले. बोल्ट आवळून झाला की तो त्याच्या कडेला टोकदार पोलादी पंच ठेवायचा आणि हातोडीचा एक ठोका द्यायचा. धातू दबला की बोल्ट पुन्हा म्हणून हलायचा नाही. हा ठोका दिल्याशिवाय काम पुरं झालं असं त्याला वाटायचंच नाही. लोक गाठी मारतात, केरबा पंच मारायचा.

जायच्या दिवशी नागसेन तिकिटाच्या कामाला स्टेशनवर गेला. केरबानं फळ्या बाकावर घेतल्या. प्लेटच्या स्क्रूंना पंच मारला, ते योग्यच होतं. मग त्याची नजर मागच्या स्क्रूवर गेली. त्याला दरी दिसली आणि दरीच्या तोंडाशी एका पायावर उभा असलेला आपला पोरगा दिसला. त्यानं स्क्रू आवळला, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून, आणि वर पंच मारला. दुसऱ्या फळीलाही तेच. केरबाची बायको तानूबाई, तिनं फळ्या जुन्या वाकळेत गुंडाळून दिल्या. त्या दिवशी केरबा पोटभर जेवला.

संक्रांत झाली आणि शेडमधला फोन वाजला.

“बाबा, मागचा स्क्रू फिरंना झालाय. पंच मारलाय काय?”

“मारलाय. आता बापजन्मात सुटायचं न्हाय बघ!”

पलीकडून वाऱ्यातच नागसेनचा आवाज आला.

“खोलायचा आसंल तर कसा खोलू?”

“कशाला खोलतोस? एवढं जीव लावून केलंय मी.”

“बरं,” नागसेन म्हणाला. बापाचा शब्द त्यानं कधी मोडलाच नव्हता.

त्याच आठवड्यात तो पडला. एका फळीचं टोक बर्फात रुतलं, अंग एकीकडे फिरलं, पाय तिथंच राहिला. खटका उघडला नाही. हाड जोडता आलं, गुडघा मात्र गेला. पाय काठीसारखा ताठ झाला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आता डोंगर विसरायचा.

नागसेन कोल्हापूरला परत आला तेव्हा घर माणसांनी भरलं. तो खुर्चीवर, पाय पुढं स्टुलावर. केरबा दारात उभा होता, आत यायला त्याचं पाऊल उचलत नव्हतं.

पिराजीनं विचारायचं तेच विचारलं. “पडलं की सुटतंय म्हणालतास न्हवं? मग का न्हाय सुटलं?”

“मीच आवळलंतं, काका,” नागसेन म्हणाला. त्यानं दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. “वाटलं, मधीच सुटंल. आगाऊपणा नडला.”

“बघा की!” तानूबाईच्या डोळ्यांना धार लागली. “बापानं एवढं राबून नीट करून दिलं, आणि ह्येनं हात घालून वाटूळं केलं! ऐकायचं न्हाय कुणाचं!”

“चुकलं आये,” नागसेन म्हणाला.

केरबाच्या तोंडाशी आलं होतं. एकच वाक्य होतं, ‘मी आवळलं.’ पण भरल्या घरात, बायकोच्या देखत, तो ते बोलला नाही. तो मागं फिरला आणि न्हाणीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिला. आपल्यासारखा भेकड बाप कोल्हापुरात दुसरा नसेल, असं त्याला वाटलं.

पुढं नागसेन शेडमध्ये येऊ लागला. उंच स्टुलावर बसून ड्रिल चालवायचा. एका दुपारी दोघंच होते.

“नाग्या,” केरबा म्हणाला, “त्यो पंच...”

“बाबा, चा गार हुतोय.”

“आरं पण मी...”

“प्या आधी.” आवाजात राग नव्हता. राग असता तर केरबाला सोसलं असतं.

वैशाखात बुद्धपौर्णिमेला सगळी वस्ती विहारात जमली. पुरुष पुढं, बायका एका कडेला, सगळे गुडघे टेकून हात जोडून बसले. नागसेनला गुडघे टेकता येत नव्हते, म्हणून तो मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. एवढ्या माणसांत उभा असलेला तो एकटाच. केरबाला मागं न बघताही ते दिसत होतं.

त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. भन्तेजी सांगायचे आणि मागोमाग सगळे म्हणायचे. नागसेनचा आवाज लहानपणापासून खणखणीत. पहिल्या तिन्ही शीलांना तो केरबाच्या पाठीवर येऊन आदळला.

चौथं शील खोटं न बोलण्याचं. सगळा विहार ते एका सुरात म्हणाला. मागून नागसेनचा आवाज आला नाही.

पाचव्याला तो पुन्हा आला, तसाच खणखणीत.

केरबाचे ओठ मिटले ते मिटलेच. मग सगळे नमस्काराला वाकले, तोही वाकला. सगळे सरळ झाले. केरबाचं कपाळ फरशीवरच राहिलं. कडेच्या रांगेतून तानूबाई पुढं सरकली आणि तिनं त्याच्या दंडाला हात लावला.

“उठा की वं,” ती कुजबुजली. “गुडघं धरलं काय?”