उलट्या नळीतला पाहुणा

मी एक जुनी काचेची नळी आहे. करंगळीएवढी, एका टोकाला बंद. अन्न तपासायच्या प्रयोगशाळेत मी जन्मभर दुसऱ्या मोठ्या नळीच्या पोटात उलटी उभी राहिले. तोंड खाली, बूड वर. अशा अवस्थेत कुणाशी गप्पा मारता येतात का, तुम्हीच सांगा.

माझ्या आतबाहेर जांभळं माध्यम, म्हणजे जंतू वाढवून बघायचं पाणी, भरलेलं असे. त्यात दुधातली साखर, पित्ताचं मीठ आणि थोडा रंग. त्यात खाण्याचा नमुना टाकत. कुठे हात किंवा भांडी नीट धुतलेली नसली, की नमुन्यात कोलिफॉर्म जंतू सापडायचे. ते साखरेवर ताव मारत, माध्यम पिवळं पडे आणि त्यांचा वायू माझ्या वरच्या बंद टोकाशी बुडबुडा होऊन बसे. मला भेटायला येणारा तेवढाच पाहुणा. तो आला की मी खूश, आणि बाकीच्यांचे चेहरे उतरलेले.

मित्रांनो, आमच्या तपासनीस बाईंची धाकटी बहीण आइस्क्रीम करायची. शाळेच्या कार्यक्रमाचं पहिलंच मोठं काम तिला मिळालं होतं. तिचा नमुना माझ्या वाट्याला आला आणि दुसऱ्या दिवशी माझ्यात हा टपोरा बुडबुडा. मी त्याला माझी सगळी हकिगत सांगायला घेतली.

“ताई, आधीची हवा राहिली असेल गं आत,” धाकटी म्हणाली.

“नमुना टाकायच्या आधी मी नळी उजेडात धरून बघितली होती. आत काही नव्हतं. आणि रंग बघ, पिवळाधमक झालाय.”

“कार्यक्रम उद्यावर आलाय. जरा डोळेझाक कर की. बहीण ना माझी?”

“तिथे खाणारी पोरंही कुणाची तरी भावंडंच आहेत. टाकून दे सगळं.”

धाकटी तरातरा निघून गेली. तिचं कामही गेलं. बाई कितीतरी वेळ मला समोर धरून बसल्या. खोलीत आम्ही दोघी एकट्याच, पण माझ्याकडे निदान बुडबुडा होता.

बऱ्याच दिवसांनी धाकटी आइस्क्रीमचा नवा डबा घेऊन आली. टेबलावर ठेवला आणि तशीच मागे फिरली. मी पाहुण्याची वाट पाहिली. कुणी आलं नाही. माध्यम जांभळंच राहिलं. दोन दिवसांनी बाईंनी मला उजेडात धरलं आणि फोन लावला. “रिकामी आहे गं. ये.”

दोघी हसत बाहेर पडल्या. मी स्टँडमध्ये तशीच.

आता जंतू तपासायच्या तयार तबकड्या आल्यात, मी खणात पडून असते. शेजारच्या कापसाच्या बोळ्याशी बोलून पाहते. तो ऐकतो, उत्तर देत नाही. मित्रांनो, एकटेपणाचा मला कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू. तरी एक मागणं आहे. खाण्याला हात लावण्याआधी हात स्वच्छ धुवा, भांडी घासा. माझ्याकडे पाहुणा पाठवू नका.