काचेआडचे मास्तर

जुन्या गोदामातलं ते युद्धविमानांचं संग्रहालय पाच-सहा हौशी मंडळींनी हौसेपोटी उभं केलं होतं. रविवारची पाळी मास्तरांची. मास्तर म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. अंगानं भरभक्कम, स्वभावानं भिडस्त. त्यांची बायको त्या जागेला सरळ ‘तुमचं भंगार’ म्हणायची आणि तिकडे फिरकायचीही नाही.

त्या रविवारी दिवे लावून मास्तर एका आसनाच्या लढाऊ विमानाच्या काचा पुसायला शिडीवर चढले. आत बसायला सगळ्यांनाच मनाई होती. पण आसपास चिटपाखरू नव्हतं, आणि मास्तरांना मोह आवरेना. पोट आत ओढून ते कसेबसे आसनात उतरले आणि ऐटीत डोक्यावरचं काचेचं झाकण पुढे ओढलं. खट्ट!

झाकण बसलं ते बसलंच. मास्तरांनी ढकललं, खेचलं, गुद्दे मारले. ते ढिम्म हलेना. फोन राहिला होता तिकिटाच्या टेबलावर. फटींतून वारा येत होता, त्यामुळे जिवाची भीती नव्हती. भीती होती ती अब्रूची.

तेवढ्यात एक बाई आपल्या लहानग्या मुलीला घेऊन आत आल्या. काही सुचेना, म्हणून मास्तर पुतळ्यासारखे ताठ बसून राहिले.

“आई, या बाहुल्याला चष्मा आहे!”

“हात नको लावूस. वैमानिक आहे तो.”

“एवढा जाडा?”

मास्तरांनी तेही गिळलं. पण नाकात धूळ गेली आणि अशी सणसणीत शिंक आली, की मुलगी किंचाळून आईला बिलगली.

“घाबरू नका!” मास्तर आतून ओरडले. “मी इथलाच आहे. अडकलोय!”

बाईंनी शिडीवर चढून झाकण ओढून पाहिलं. व्यर्थ. मुलीची भीती मात्र एव्हाना पळाली होती. “आतून काय दिसतं?” तिनं विचारलं.

मास्तरांनी समोर पाहिलं. “काहीच नाही गं! विमानाचं नाकच एवढं लांब आहे.”

“मग चालवायचं कसं?”

“जमिनीवर नागमोडी! एकदा इकडून डोकवायचं, एकदा तिकडून.” मास्तर मान डावी-उजवीकडे करत माहिती सांगू लागले आणि बघता बघता रंगले. आणखी माणसं आली, भोवती कोंडाळं जमलं. आजवर मास्तरांचं बोलणं कुणी इतकं कान देऊन ऐकलं नव्हतं.

फोन उचलेनात म्हणून बायको तरातरा चालत आली, ती थेट गर्दीत शिरली. मास्तर तेव्हा उडताना चाकं कशी मिटतात ते सांगत होते.

“अहो! जन्मभर पाकिटं चिकटवलीत, आज स्वतःच चिकटलात?”

सगळे खो खो हसले. तिनं मोरीतला साबण आणला, अडलेल्या खणाला लावतात तसा झाकणाच्या पट्टीवर खसाखसा घासला. “मी मागे ओढते, तुम्ही आतून रेटा. हं!” झाकण सर्रकन सरकलं.

मास्तर खाली उतरले ते बोलणी खायच्या तयारीनंच. पण बायको आत वाकून बघत होती.

“शिडी धरा.”

“अगं, आत बसायला मनाई आहे!”

“ती न मावणाऱ्यांना.” पदर खोचून ती अलगद आत उतरली. “चाकं कशानं मिटतात म्हणालात?”

मास्तरांनी दांडा दाखवला. तिनं मुलीला मांडीवर घेतलं, आणि दोघी मिळून नागमोडी डोकावू लागल्या.

पुढच्या रविवारी मास्तरांची आंघोळ व्हायच्या आत ती चपला घालून दारात उभी होती.