वनमालाबाईंचा आफ्रिकेवरचा पेपर

शनिवारी गेवराईला मुलींच्या कबड्डीचा शेवटचा सामना झाला आणि वर्षाराणीच्या धाकट्या बहिणीचा संघ एका गुणाने जिंकला. वर्षाराणी मैदानाच्या कडेला उभी राहून अशी काही ओरडली, की रविवारी सकाळी उठली तेव्हा तिच्या नरड्यातून सायकलच्या चाकातली हवा गेल्यासारखा नुसता फुस्स आवाज निघत होता.

"बोल की गं," वनमालाबाई म्हणाल्या.

"फुस्स," सून म्हणाली.

वनमालाबाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. त्या आणि त्यांची सून, दोघी मुक्त विद्यापीठातून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होत्या. वीस हंगाम ऊस तोडल्यावर वनमालाबाईंनी त्रेचाळिसाव्या वर्षी बारावी केली होती, आणि सून घरात आली तेव्हा, "एकटीला वर्गात बसायची लाज वाटते, तू पण चल," म्हणून तिलाही ओढली होती. आज वडवणीच्या अभ्यासकेंद्रात दोघींनी मिळून एक पेपर वाचायचा होता. विषय मोहनराव सरांनी दिलेला: आफ्रिकेतल्या ज्या वसाहतींत गोरे कायमचे राहायला आले आणि ज्यांत आले नाहीत, त्या स्वातंत्र्यापर्यंत कशा पोचल्या. वनमालाबाईंनी सोपा म्हणून दुसरा भाग घेतला होता. घाना, नायजेरिया. संप, मोर्चे, निवडणुका, आणि मग झेंडा. अवघड भाग, म्हणजे केनिया, अल्जीरिया आणि आज झिंबाब्वे म्हणतात तो ऱ्होडेशिया, सुनेने घेतला होता. आणि सून तर फुस्स.

"सरांना फोन करते, पुढल्या रविवारी ठेवा म्हणते," वनमालाबाई म्हणाल्या. वर्षाराणीने जोरजोरात मान हलवली. पुढल्या रविवारी परीक्षेचे अर्ज. आज नाही तर कधीच नाही. तिने आपली वही सासूच्या हातात कोंबली आणि तिला धरून जीपपर्यंत जवळजवळ पळवत नेलं.

बाजाराचा दिवस, त्यामुळे सुग्रीवच्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये मुंगीला जागा नव्हती. मधल्या बाकावर छबुबाई मांडीवर दोन कोंबड्या घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सरकून जागा केली. वनमालाबाईंनी वही उघडली. सुनेचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, त्यात बाण, त्यात चौकोन, आणि जीप खड्ड्यात गेली की सगळ्या मुंग्या एकदम नाचायच्या.

"काय लिवलंय गं हे? केनियाचं काय झालं?"

वर्षाराणी काहीतरी पुटपुटली, पण इंजिनाच्या घरघरीत ते कुणाच्या कानाला पोचणार! शेवटी तिने हातवारे सुरू केले. आधी दोन्ही हात वर नेऊन डोंगर केला. मग नांगर धरला. मग बोटांच्या चिमटीने काहीतरी खुडू लागली.

"कापूस!" छबुबाई ओरडल्या.

वर्षाराणीने मान हलवली, कपाची खूण केली आणि फुंकर मारून प्यायली.

"चहा!" सगळी जीप ओरडली.

"थांबवू का?" सुग्रीवने मागे वळून विचारलं. "पुढं टपरी हाय."

"तू समोर बघ!" वनमालाबाई म्हणाल्या आणि वहीतल्या वाचता येणाऱ्या सालांवर बोट फिरवू लागल्या. "केनियात चहाचे मळे केले, कॉफीचे केले, डोंगरावरची थंड, चांगली जमीन गोऱ्यांनी सोताला ठिवली. मग कशाला सोडतेत? एकोणीसशे बावनला आणीबाणी लागली, माणसं कोंडली, जंगलात लढाई झाली. त्रेसष्टला सुटले. बरोबर?"

सुनेने टाळ्या वाजवल्या. कोंबड्या फडफडल्या.

अल्जीरियाला तिने दहा बोटं दाखवली, आणि पुन्हा दहा, आणि पुन्हा दहा, इतक्या वेळा की छबुबाई म्हणाल्या, "आगं बास, माझ्या डोळ्याला भिंगरी आली." ते दहा लाख गोरे होते. मग बंदूक. मग आठ बोटं, म्हणजे आठ वर्षं. ऱ्होडेशियाला मात्र वर्षाराणीने न दिसणारा फेटा उचलला, स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि छातीवर हात मारला.

कुणालाच कळेना. अखेर सुग्रीव म्हणाला, "म्हंजे गावाला न इचारता बिनविरोध सरपंच?"

वर्षाराणीने त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की जीप रस्ता सोडता सोडता राहिली. अगदी तसंच होतं! पासष्ट साली मूठभर गोऱ्यांनी ब्रिटनलाही न जुमानता आपलं आपणच स्वातंत्र्य जाहीर केलं, आणि खरं राज्य लोकांच्या हाती यायला ऐंशी साल उजाडलं.

छबुबाई विचारात पडल्या. त्या शाळेचं तोंड न पाहिलेल्या, पण गावातल्या प्रत्येक भांडणात पंच. "म्हंजे वनमाले," त्या म्हणाल्या, "जे नुसते वसुलीला आले ते गेले. आन् जे चूल मांडून बसले ते उठंनात. आसंच ना?"

वनमालाबाईंनी हातातली वही मिटली. आठ पानांचा पेपर होता दोघींचा.

वडवणीला उतरल्यावर छबुबाई बाजाराकडे वळल्याच नाहीत. "इतकं ऐकल्यावर शेवट कावून सोडू?" म्हणाल्या आणि कोंबड्यांसकट वर्गात शिरून मागच्या बाकावर बसल्या. सुग्रीव दारात उभा राहिला. मोहनराव सरांनी चष्म्यावरून कोंबड्यांकडे पाहिलं आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली.

वनमालाबाई उभ्या राहिल्या. घाना तोंडपाठ होता. सत्तावन्न सालचा मार्च महिना, तुरुंगात असतानाच निवडून आलेला पुढारी, सगळं सुरळीत गेलं. पण केनियाला आल्या आणि जीपमधली वर्षाराणी डोळ्यांपुढे उभी राहिली, हवेतला चहा फुंकर मारून पिणारी. हसू आलं. दाबलं. पुन्हा आलं. मग त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि जीपमध्ये बोलल्या तशाच बोलायला लागल्या. बिनविरोध सरपंचापर्यंत आल्या तेव्हा वर्गातली पोरं बाकं वाजवत होती आणि वनमालाबाईंना आपण उभ्या आहोत की उडतो आहोत तेच कळत नव्हतं.

"छान," मोहनराव सर म्हणाले. "पण वनमालाताई, एक अडचण आहे. गिनी-बिसाऊ. पोर्तुगालची वसाहत. तिथे राहायला आलेले गोरे अगदी थोडे. तुमच्या हिशेबाने ते सहज जायला हवे होते. मग तिथे अकरा वर्षं युद्ध का झालं?"

वनमालाबाईंच्या डोक्यातून घाना गेला, केनिया गेला, स्वतःचं नावसुद्धा जायच्या बेतात होतं. त्यांनी सुनेकडे पाहिलं. वर्षाराणी बाकावर चढली होती. तिने हातांनी लाटा केल्या. मग पोहल्यासारखं केलं.

"धुणं!" छबुबाई मागून ओरडल्या.

"मदत नको," सर म्हणाले, पण त्यांचेही ओठ हलत होते. तेही ओळखायचा प्रयत्न करत होते.

वर्षाराणीने डोक्यावर टोपी ठेवली, डोळ्यांवर गॉगल चढवला आणि वाळूत पाय पसरून बसल्यासारखी बाकावर ऐसपैस बसली.

"गोवा!" वनमालाबाई इतक्या मोठ्याने ओरडल्या की एक कोंबडी निसटून थेट टेबलावर आली.

आणि मग त्यांना सगळं दिसलं. "सर, इंग्रज सत्तेचाळीसला गेले. पण गोव्यातनं पोर्तुगीज गेले का? एकसष्टला सैन्य घालावं लागलं. तिथं तरी कुठं पोर्तुगीज शेतकऱ्यांनी लाखांनी वस्ती केलती? राहायला कोण आलं एवढंच बघून भागत न्हाई. पलीकडं मालक कसा हाय, ते बी बघावं लागतं. इंग्रजांना घरी निवडणुका होत्या, खर्च परवडंना, लोक इचारायचे. पोर्तुगालात हुकूमशहा. जो आपल्या घरच्यांना बोलू देत न्हाई, तो दुसऱ्याच्या घरातनं कशाला उठल? आन् आपलं मराठवाड्याचं बघा. निजाम तर हितलाच, तरी सुटायला तेरा महिने जास्ती लागले."

सर कोंबडीला टेबलावरून खाली उतरवत म्हणाले, "हे माझ्या टिपणात नव्हतं." त्यांनी खिशातून पेन काढलं आणि टिपणात लिहून घेतलं.

मग जो गलका झाला त्यात कोण कुणाला काय म्हणालं ते कुणालाच सांगता येणार नाही. सुग्रीवने शिट्टी मारली. छबुबाई वर्गातल्या प्रत्येक पोराला सांगत सुटल्या की चुलीची गोष्ट मूळची त्यांची. वर्षाराणीचे डोळे भरून आले होते. ती सासूच्या गळ्यात पडली आणि कानात काहीतरी फुसफुसली. वनमालाबाईंना एक अक्षर कळलं नाही, पण त्या "हो, हो," म्हणत राहिल्या.

दोघींना वीसपैकी अठरा गुण मिळाले. सरांनी विचारलं, "ताई, पुढं एम.ए. करणार का?"

वनमालाबाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेने एक बोट स्वतःकडे केलं, एक सासूकडे, आणि दोन्ही बोटं जोडली.

"दोघींचे अर्ज द्या, सर," वनमालाबाई म्हणाल्या.