दुसऱ्याच्या कव्हरात

मित्रांनो, मी एक जुनी रेकॉर्ड आहे. आकाराने लहान, दोन्ही बाजूंना मिळून चार बालगीतं. वय पन्नासच्या पुढे. या वयात स्वभाव निवतो म्हणतात. माझा निवला नाही, आणि का ते ऐकलंत तर तुम्हीही कपाळाला हात लावाल.

माझा जन्म साधाच. पुण्यातल्या एका शाळेच्या आठ मुलींनी एका गायिकेच्या मागे कोरस धरला, त्या गाण्यांचा साचा झाला आणि साच्यात काळ्या प्लास्टिकचा गरम गोळा दाबून मला काढलं. माझ्या दुसऱ्या गाण्यात कोरस विचारतो, 'खारूताई, खारूताई, शेंगा किती खाल्ल्या?' आणि एकटीच एक मुलगी खणखणीत आवाजात उत्तर देते, 'मोजल्याच नाहीत बाई!' ती मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिचं नाव कल्पना.

मला बंगळूरला आणलं एका संशोधकाच्या कुटुंबाने. तिथे माझे दिवस छान गेले. घरात कुणाचाही वाढदिवस असो, खारूताई लागायचीच, आणि पाहुणे 'वन्स मोअर' म्हणायचे. कौतुक भरपूर, पण शिस्त शून्य! वाजवून झालं की हाताला येईल त्या कव्हरात रेकॉर्ड कोंबायची, ही त्या घरची रीत. एका वाढदिवसाला मी गेले एका कन्नड सिनेमाच्या कव्हरात, ज्यावर लाल साडीतली नटी झाडाला टेकून उभी होती. त्या सिनेमाची रेकॉर्ड गेली माझ्या कव्हरात. मग कॅसेटी आल्या आणि आमची रवानगी माळ्यावर झाली. पुढे ते घर विकलं गेलं आणि आम्ही सगळ्या पोत्यातून बंगळूरच्याच शिवाजीनगरला, गुंडू अण्णांच्या जुन्या सामानाच्या दुकानात येऊन पडलो. इतक्या वर्षांत एकानेही मला बाहेर काढून माझ्या पोटावरचा कागद वाचला नाही.

तिथे दर रविवारी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, मारतहळ्ळीहून, एक कुटुंब यायचं. उमाकांतराव, त्यांची पत्नी आणि मुलगी प्रांजली. उमाकांतराव सरकारी कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासून निवृत्त झालेले. पहिल्याच दिवशी ते अण्णांना म्हणाले, "खारूताईच्या गाण्याची रेकॉर्ड आहे का? हिने गायलंय त्यात. हिच्या घरी तेव्हा प्लेअर नव्हता, त्यामुळे हिने स्वतः कधी ऐकलंच नाही."

ती माझी कल्पना होती! साठीची, पांढऱ्या केसांची. दोन वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज घोगरा झाला तो झालाच. तिला तिचा जुना आवाज एकदा तरी ऐकवायचा, एवढंच उमाकांतरावांच्या मनात होतं. प्रांजलीने इंटरनेट पालथं घातलं होतं, पण हे गाणं कुठेच नव्हतं.

आणि मी तिथेच होते, हाताच्या अंतरावर. दर रविवारी उमाकांतरावांची बोटं माझ्यावरून सरकायची, लाल साडी दिसली की पुढे जायची. किती रविवार गेले असतील! अहो, आत बघा, आत बघा, असं मी मनातल्या मनात ओरडायचे. पण रेकॉर्डला सुईशिवाय तोंड नसतं.

एका रविवारी त्यांना माझं कव्हर सापडलं. वर खारीचं चित्र, खाली मराठी नाव. त्यांना इतका आनंद झाला की कव्हर छातीशी धरून ते तडक घरी गेले. आत काय आहे ते बघितलं? नाव नको! पुढच्या रविवारी ते लालबुंद होऊन परत आले.

"अहो अण्णा, हे काय दिलंत? यात कन्नड सिनेमाची गाणी आहेत!"

गुंडू अण्णा निपाणीकडचे. शांतपणे म्हणाले, "घेताना आतलं बघून घ्यायचं की सर. मी काय एकेकाच्या पोटात शिरून बघू होय? स्वल्प समजून घ्या की."

दोघांची चांगली जुंपली. मी मात्र संतापाने तापले. चाळीस वर्षं यंत्रांचे भाग तपासलेल्या माणसाला एवढं कळू नये? माझ्या कव्हरात त्या सिनेमाची रेकॉर्ड निघाली, तर मी कुणाच्या कव्हरात असेन?

त्याच वेळी दुकानात अभिराज नावाचा एक तरुण कव्हरं निवडत होता. त्याला कॅफे काढायचा होता. कव्हरं भिंतीवर लावणार, आणि आतल्या रेकॉर्डी गरम करून, वाकवून, त्यांच्या वाट्या करणार, टिश्यू पेपर ठेवायला! लाल साडीवाली त्याला फारच आवडली. त्याने मला काखेत मारलं. मित्रांनो, माझा धीर सुटला.

कल्पनाताई इतका वेळ स्टुलावर बसून भांडण ऐकत होत्या. शेवटी त्या वैतागल्या.

"अहो, पुरे झालं! साखरेच्या डब्यावर रव्याचं झाकण निघालं, तर साखरेचं झाकण कुठे शोधायचं? रव्याच्याच डब्यावर ना? अण्णा, ही रेकॉर्ड कुठल्या सिनेमाची आहे, वाचा बघू."

अण्णांनी मधला कागद वाचला. "अय्यो, हे लाल साडीवाल्या पिक्चरचं की, अक्का!"

सगळ्यांच्या नजरा अभिराजच्या काखेकडे वळल्या. कल्पनाताईंनी पुढे होऊन मला बाहेर काढलं आणि पोटावरचं नाव वाचलं.

"आंटी, वो मैंने लिया है," अभिराज म्हणाला.

"कव्हर ठेव बाबा तुला. वाटी मात्र हिची नको करूस."

त्यानेही समजूतदारपणे नटीला नेलं आणि मला सोडलं. उमाकांतरावांनी मला कितीतरी वर्षांनी माझ्या स्वतःच्या कव्हरात घातलं. सिनेमाची रेकॉर्डही त्यांनी परत घरी नेली. तिला वाऱ्यावर सोडवेना त्यांना.

घरी पोचताच मला पुसून प्लेअरवर ठेवलं, आणि गडबडीत वेगाची कळ चुकवली! माझी खारूताई म्हशीसारखी रेकायला लागली. कल्पनाताई हसत सुटल्या. "हा तर माझा आत्ताचा आवाज!"

प्रांजलीने कळ फिरवली. कोरसने विचारलं, शेंगा किती खाल्ल्या? आणि ती नऊ वर्षांची पोर कडाडली, 'मोजल्याच नाहीत बाई!'

कल्पनाताईंनी पदर डोळ्यांना लावला आणि त्या म्हणाल्या, "परत लावा."

मित्रांनो, तुमच्याही घरी माळ्यावर आमच्यासारख्या कुणी असतील. आम्हाला कडेने धरा, धूळ पुसा, ज्याच्या त्याच्या कव्हरात ठेवा. पण त्याआधी कृपा करून एकदा आत बघा. आत कुणाची तरी कल्पना असेल.

त्या संध्याकाळी ते गाणं अकरा वेळा वाजलं. बाराव्या वेळी उमाकांतरावांनी मला उचलायला हात पुढे केला.

"आता पुरे. सारखी सारखी लावली तर झिजेल गं ती."

"झिजू दे," कल्पनाताई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "माझा आवाज चांगला होता तेव्हा मी तरी कुठे ऐकून घेतला? लावा तुम्ही."

उमाकांतरावांनी निमूटपणे सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली.