एकशे चौऱ्याण्णवचा आळ

मी ग्लुकोमीटर बोलतोय, मुलांच्या वॉर्डातला. माझ्या पाठीवर चिकटपट्टीचा डाग दिसतोय ना? त्या पट्टीवर लिहिलं होतं, 'चुकीचं दाखवतो'. ते मला तेव्हाही मान्य नव्हतं आणि आजही नाही.

कारखान्यात मला एकच गोष्ट शिकवली होती. माझ्यात खोचलेल्या तपासणीच्या पट्टीवर रक्ताचा जो थेंब येईल, त्यातली साखर पाच सेकंदांत सांगायची. चार वर्षं मी तेच करतोय. बोट टोचते सुई, पोरं डोळे वटारतात माझ्यावर. आकडा मनासारखा आला तर औषध चांगलं, नाही आला तर मशीन जुनं. कौतुकाची मला हौस नाही, पण आळ मी ऐकून घेणार नाही.

सात वर्षांची एक मुलगी दर महिन्याला यायची. सलाईनचा स्टँड ढकलत वॉर्डभर गोल गोल फिरायची, म्हणून आजोबा तिला भिंगरी म्हणत. रक्ताच्या आजारासाठी तिला रोज गोळ्या होत्या, आणि त्या गोळ्यांमुळे ती उपाशी राहिली की साखर झपाट्याने उतरायची. पण पाठीत इंजेक्शन द्यायचं तर भूल हवी, आणि भूल द्यायची तर पोट रिकामं हवं. म्हणून इंजेक्शनच्या दिवशी मला तासातासाला तिच्या बोटाशी नेत.

एकदा तिचा नंबर सकाळी आठ वाजताचा होता. आत भूल देतात त्या खोलीत आधीच्या कुणाचं तरी काम अवघड निघालं आणि अकरा वाजले तरी बोलावणं नाही. त्या गडबडीत माझी एक फेरीही चुकली. भिंगरी फिरायची थांबली, आजोबांच्या दंडावर मान टाकून पडली. कपाळ घामाने भिजलं. आजोबांनी हाक मारली. सोळा पलंगांना एकटी सिस्टर, ती धावत आली आणि बोट टोचून मला लावलं. मी सांगितलं, एकशे चौऱ्याण्णव.

उपाशी पोरीची साखर इतकी?

"खरं सांग बाळा, काय खाल्लंस?"

"काही नाही."

डॉक्टरांनाही पटलं नाही. खाल्लंय म्हणजे आज भूल नाही, पुढच्या आठवड्यात या, आणि साखर भरपूर आहे तर झोपू दे तिला, असं म्हणून ते वळले. माझ्या आकड्याने एक लेकरू खोटं ठरलं होतं आणि मला तोंड उघडता येत नव्हतं. त्या क्षणाचा मला अजून राग येतो.

आजोबा वाटेत आडवे उभे राहिले.

"माझी नात खोटं बोलत नाही. ती थरथरतेय, ते बघा. पुन्हा मोजा, तोवर मी इथून हलायचा नाही."

सिस्टरने नाइलाजाने भिंगरीचा हात धरला आणि थबकली. बोटं चिकट लागली. तिने ती नाकाशी नेली. संत्र्याचा वास.

"आजोबा पण उपाशी होते," भिंगरी पुटपुटली. "त्यांना सोलून दिलं. मी एक फोडसुद्धा नाही खाल्ली."

हात साबणाने धुतला, कोरडा केला, दुसरं बोट टोचलं. बेचाळीस. मग मात्र सगळ्यांचे पाय हलले. सलाईनमधून ग्लुकोज गेलं. पंधरा मिनिटांनी मी एकशे दहा सांगितलं, तेव्हा भिंगरी आजोबांना विचारत होती, संत्रं संपवलंत का.

आणि खापर फुटलं माझ्यावर. संध्याकाळी ती चिकटपट्टी पाठीला लागली आणि मी खणात गेलो. अहो, बोटावर रस होता, मी रस मोजला. घाई तुमची, चूक माझी कशी?

पुढच्या महिन्याच्या इंजेक्शनला भिंगरी आली. सिस्टरने नवं मशीन काढलं. भिंगरीने खणात हात घालून मला बाहेर काढलं आणि नखाने पट्टी खरवडून टाकली.

"हा खोटं नव्हता बोलला. मीपण नव्हते."

सिस्टरने मला साखर आधीच ठाऊक असलेल्या तपासणीच्या द्रावावर लावून पाहिलं, आकडा बरोबर आला, आणि मी पुन्हा ट्रेमध्ये बसलो.

तेव्हा आधी हात धुवा. आणि आकडा एक सांगत असेल, लेकरू दुसरं, तर माझं ऐकू नका, त्याच्याकडे बघा. भिंगरी आता स्वतःच बेसिनकडे जाते, हात धुऊन पुसते आणि बोट माझ्यासमोर धरते.

"हं, आता मोज."