एका छत्रीतली दोघं

या वर्षी मी वर्गात बिनधास्त हात वर करते. त्यामुळे प्रिंटमेकिंगच्या मॅडमनी "जपानी जोडप्यांचं चित्र कोण करणार?" विचारल्यावर पहिला हात माझाच! मी लाकूड कोरून छापलेली जुनी चित्रं बघितली. किमोनोतली दोघं, एकच छत्री, बर्फ. कुणी कुणाकडे बघत नाही, तरी प्रेम आहे हे कळतंच. आमच्या गावात, नोव्हायमध्ये, बर्फाला काय तोटा! मी त्या दोघांना आई-बाबांचे चेहरे दिले.

बाबा आठ महिने दूर, अ‍ॅशबर्न गावाला आहेत. नोकरीसाठी, असं आम्ही मराठी मंडळात सांगतो. शाळेच्या आर्ट शोला ते येणार होते आणि त्याच वीकेंडला वेगळं व्हायचं की नाही ते दोघं ठरवणार होते. चित्र बघून दोघं वेगळं व्हायचं थांबवतील, अशी माझी खात्रीच होती.

छापताना डावं-उजवं उलटं उमटतं, म्हणून चित्राचा कागद फळीवर पालथा चिकटवायचा असतो. मी उताणा चिकटवला. पालथा ठेवला की चेहरे पुसट दिसत होते आणि मला त्यांच्याकडे बघत कोरायचं होतं. तीन आठवडे कोरलं.

छापल्यावर वर्गात माझ्या शेजारी बसणारी जपानी मियू बघतच राहिली. "किमोनोची उजवी बाजू वर आलीय, यार." यार तिने आमच्याकडूनच उचललाय.

"मग?"

"आमच्याकडे असा फक्त मेलेल्यांना घालतात."

मी हसले. शो दुसऱ्या दिवशी होता. तेच लावलं.

बाबा चित्रासमोर उभे राहिले. आईही, थोडं अंतर ठेवून.

"माझं नाक बरोबर जमलंय," बाबा म्हणाले.

"माझं मात्र केवढं केलंयस गं!" आई म्हणाली. दोघंही हसले.

मी विचारलं, "ठरलं?"

आईने पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली. बाबा चित्राकडेच बघत म्हणाले, "हे कुणाकडे राहणार, तेवढं तू सांग."

मला वाटलं, आता रडू येईल. नाही आलं. काहीच आलं नाही. मी खणखणीत आवाजात म्हणाले, "त्यात काय? फळी आहे ना. हव्या तेवढ्या प्रती निघतात."

सोमवारी लंच ब्रेकमध्ये मी दुसरी प्रत काढली.

"आता तरी नीट करायचं ना," मियू म्हणाली. "नवीन कोरू. मी मदत करते."

"नको."

प्रतीच्या मागे पेन्सिलीने 'बाबा' लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत तिथेच बसून सँडविच खाल्लं.