सहा नंबर तापली

"गॅसकेट गेलं!" बाबासोनं बसल्या जागेवरून निकाल दिला.

सहा नंबरची गाडी अजून ट्रॅकच्या शेवटच्या वळणावरच होती. नाकातून वाफ सोडत, चिखल उडवत ती खाडीकडच्या बाजूनं कशीबशी शेडपर्यंत आली आणि तिच्यावर बसलेलं गिऱ्हाईक हेल्मेटसकट उडी मारून लांब पळालं. बाबासो पान्यांच्या पेटीवर बसला होता, तो हलला नाही. हलायचं काय कारण? आठ दिवसांपूर्वी या गाडीचं कूलंट, म्हणजे इंजिन निववणारं पाणी, हाताखालच्या रंजितानं बदललं होतं. म्हणजे आता काय झालं असेल ते तिनं बघावं. आणि खरं सांगायचं तर त्या वाफेकडे बघून बाबासोला असं बरं वाटलं, जसं उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यायल्यावर वाटतं.

आता माणूस वाईट नव्हता हो तो. साताऱ्याकडचा, तुर्भ्याला ट्रकच्या गॅरेजात उमेदीची वर्षं घालवलेला, सानपाड्याच्या एका खोलीत संसार केलेला सरळ माणूस. विपुलशेठनं दिवाळे गावाजवळच्या वडिलोपार्जित भातजमिनीवर लाल मातीचे डंपर ओतून हा एटीव्ही भाड्यानं फिरवायला द्यायचा धंदा काढला, तेव्हा या चार जाड चाकांच्या गाड्यांना हात लावायला कोणी धजत नव्हतं. हात लावला तो बाबासोनं. तेव्हापासून मैदानावर "मिस्त्री" म्हणजे बाबासो. कुठली गाडी सोडायची, कुठली उभी करायची, ते तो सांगणार. शेठसुद्धा त्याच्या तोंडाकडे बघून गिऱ्हाइकाला हो म्हणायचे.

आणि मग आली रंजिता. दिवाळ्याची पोर. आई सकाळी मासळीची पाटी घेऊन बेलापूरच्या बाजारात बसते आणि ही आयटीआय करून आलेली. पहिल्या दिवशी बाबासोनं तिला कौतुकानं पाने ओळखायला लावले. तिनं सगळे ओळखले. तिथंच त्याचं पहिलं बिनसलं. मग ती रोज संध्याकाळी गाड्यांचे रेडिएटर धुवायला लागली. मग गाड्या कमी बंद पडायला लागल्या. मग गिऱ्हाइकं "त्या ताई कुठं आहेत?" असं विचारायला लागली. इतकंच काय, एक दिवस ती त्याचा विसरलेला डबा घरी द्यायला आली, तर सत्यभामा, त्याची स्वतःची बायको, म्हणाली, "गुणाची हाय ओ पोरगी. हात कसा चालतोय तिचा!" त्या रात्री बाबासोला भाकरी गोड लागली नाही. नाकाला मिरच्या झोंबाव्यात तशी ती पोर त्याला झोंबत होती.

हे सगळं एक वेळ त्यानं गिळलं असतं. पण काल दसरा होता. दसऱ्याला गाड्यांची पूजा झाली की नारळ मिस्त्रीनं फोडायचा, हा मैदानाचा रिवाज होता. बाबासो नवी टोपी घालून, हात धुऊन पुढे झाला आणि विपुलशेठनं नारळ दिला रंजिताच्या हातात. "या वर्षी पोरीचा हात लागू दे. लक्ष्मी आहे आपली," असं वर म्हणाले. तिनं एका दणक्यात फोडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबासोनंही वाजवल्या. काय करणार? हात रिकामेच होते.

"काका, बघा ना जरा," रंजितानं हाक मारली, तसा तो भानावर आला.

"मी काय बघू? कूलंट तू भरलंयस," तो म्हणाला, पण उठला. मजा जवळून बघावी म्हणून उठला, आता खोटं कशाला बोला.

तेवढ्यात विपुलशेठ ऑफिसातून धावत आले. "आयला! सहाला काय झालं? उद्या रबाळ्याच्या कंपनीची पिकनिक आहे, माहितीये ना? पन्नास माणसं येनार. मोठ्या गाड्या दोनच आपल्या."

"गॅसकेट गेलं असंल," बाबासो म्हणाला. "कूलंट भरताना आतली हवा काढली न्हाई की असंच हुतं. हिंजन तापतंय, गॅसकेट जळतंय."

शेठनं रंजिताकडे बघितलं. "काढली होतीस ना हवा?"

"काढलेली शेठ." मग तिचा आवाज जरा बसला. "म्हनजे... मला वाटतं काढलेली."

"वाटतं? लाखाची मशीन आहे, वाटतं काय?" विपुलशेठचा पारा गाडीच्या वर गेला. "हे बघ, तुझ्या चुकीनं इंजिन गेलं असेल ना, तर उद्यापासून तू पान्याला हात नाही लावायचा. काउंटरला उभी राहा, हेल्मेट वाट. बाबासोकाका, तुमीच बघा आता."

बाबासोला हे ऐकायचं होतं. किती महिने ऐकायचं होतं! तो बाह्या सारत पुढे झाला.

पण रंजिता बाजूला झाली नाही. इंजिन जरा निवू दिलं, मग जाड फडकं धरून रेडिएटरचं झाकण हळूच सोडलं. पाणी भरपूर होतं. बुडबुडे नव्हते. तेलाचा तवंगही नव्हता. "गॅसकेट असतं तर बुडबुडे आले असते ना काका?" तिनं विचारलं. बाबासोनं "हं" केलं. तिनं गाडी चालू केली. पंखा फिरत होता. मग वाकून एक हात पाण्याच्या नळीवर, वरच्या होजवर ठेवला, दुसरा खालच्या, आणि चटका बसून दोन्ही मागे घेतले.

"दोन्ही गरम हायत! म्हनजे पानी फिरतंय, काका. पन निवत नाय." ती कपाळ चोळत उभी राहिली. कपाळाला काळं लागलं. "रेडिएटरला हवा लागत नसेल तरच असं होनार. पन रेडिएटर तर मी काल पूजेच्या आधी स्वतः धुतलेला. लख्ख!"

पूजेच्या आधी.

बाबासो गाडीच्या तोंडाशी उकिडवा बसला होता. त्यानं पुढच्या जाळीत डोळा घातला आणि आत काय अडकलंय ते त्याला कळलं.

त्यांच्याकडे घट बसतात. नवरात्रात सत्यभामा खोलीच्या कोपऱ्यात, देवाखाली, माती पसरून नऊ धान्यं पेरते. दसऱ्याला त्याचे पिवळे लुसलुशीत तुरे निघतात. ते टोपीत खोवायचे, अवजारांना वाहायचे. साताऱ्याला नांगराला वाहायचे, इथं बाबासो दरवर्षी गाड्यांच्या हँडलला बांधायचा. काल तो रुमालात तुरे घेऊन आला, तर हँडलवर जागाच नव्हती. रंजितानं पूजेच्या आधीच सगळ्या गाड्यांना झेंडूच्या ही जाडजूड माळा घातल्या होत्या. आणि वर नारळही तिनंच फोडला. सगळे जिलेबी खायला गेल्यावर बाबासो मागे राहिला. सहा नंबर त्याची लाडकी. सगळे तुरे, मुळ्यांच्या मातीसकट, त्यानं तिच्या पुढच्या जाळीच्या आत दाबून बसवले. पडू नयेत म्हणून चांगले ठासले. माझं काहीतरी असू दे गाडीवर, म्हणून.

आज सकाळपासून सहा नंबर चिखलात फिरली होती. तुऱ्यांत आणि मुळ्यांत चिखल अडकून, उष्णतेनं भाजून त्याची पोळी झाली होती आणि रेडिएटरच्या तोंडावर फडक्यासारखी चिकटली होती. चिखलात एक पिवळी काडी तेवढी दिसत होती.

"रंजे, जा, एक बादली पानी आन," बाबासो म्हणाला.

ती गेली. विपुलशेठ पाठ करून फोनवर रबाळ्याच्या माणसाला "गाड्या एकदम रेडी आहेत सर" असं सांगत होते. बाबासोनं जाळीचे दोन स्क्रू सोडले, हात घातला आणि ती पोळी अख्खी ओढून काढली. खिशात कोंबली. मांडीला चटका बसला, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही. जाळी बसवली, गाडी चालू ठेवली. थोड्या वेळानं डॅशबोर्डवरचा, इंजिन तापल्याचा लाल दिवा विझला.

"शेठ," त्यानं हाक मारली. "झाली."

रंजिता बादली घेऊन पोचली तोवर विपुलशेठनं येऊन दिवा बघितला, पंख्याची हवा बघितली आणि बाबासोच्या पाठीवर अशी थाप मारली की टोपी हलली. "याला म्हनतात मिस्त्री! बघितलंस रंजिता? तू इथं होज चाचपत बसली, काकांनी गाडी नीट केली. उद्या काउंटरला ये. वेळेवर."

झालं. सगळं मनासारखं झालं. पाठीवर थाप पडली, नाव मिळालं, पोर काउंटरला गेली. बाबासोनं वाट बघितली की आता आनंद होईल. होत नव्हता. खिशातला चिखल मात्र मांडीला भाजत होता.

रंजितानं बादली खाली ठेवली. रडली नाही, वाद घातला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, बाबासोला राग तरी धरता आला असता. फडक्याला हात पुसत ती त्याच्याजवळ आली.

"काका, काय होतं ते तरी सांगा. परत माझ्याकडून तसं नको व्हायला."

"हवा हुती आत."

"म्हनजे मी नीट काढली नाय." तिनं मान हलवली. "मला वाटलेलं काढली. दोनदा बघितलेलं मी. पन तुमी म्हनता म्हनजे असनार."

तुमी म्हनता म्हनजे असनार! एवढ्या वर्षांत सत्यभामासुद्धा असं कधी बोलली नव्हती त्याला. आपण जिच्या नावानं महिनोन्महिने जळलो, ती आपल्या शब्दाला वेदवाक्य मानून स्वतःच्या चांगल्या कामावर काट मारतेय. आता ही पुढं प्रत्येक गाडीची हवा काढताना स्वतःच्या हातावर शंका घेणार. मिस्त्रीचा हात एकदा शंकेनं अडखळला की तो कायमचा जातो, हे बाबासोला कोणी सांगायला नको होतं.

त्यानं खिशात हात घातला आणि ती पोळी पेटीवर ठेवली. चिखल फुटला. आतून पिवळे तुरे बाहेर आले.

"हवा बिवा काय नव्हती," तो म्हणाला. आवाज मोठा केला, शेठना ऐकू जावा म्हणून. "शेठ, हिकडं या. तिनं कूलंट बराबर भरलंय. ह्ये माझं हाय. घटाचं तुरं. मी कोंबलं जाळीत. तिच्या रेडिएटरचं तोंड मीच बांधलं."

विपुलशेठ आले, बघितलं, आणि त्यांना हसावं की ओरडावं कळेना. "अहो काका! पूजा करायची ती बाहेरून करतात. आत कशाला खुपसलं?"

"बाहीर जागा नव्हती." बाबासोनं रंजिताकडे बघितलं नाही. "नारळ तिच्या हातात दिलात तुमी. लई लागलं मला. म्हटलं, कुटंतरी माझं बी असावं."

खाडीवरून वारा आला आणि दिवाळ्याच्या वाळत्या मासळीचा वास शेडभर पसरला.

विपुलशेठनं घसा साफ केला. "जाऊ द्या. पन आता ऐका. उद्यापासून गाडी सोडायची की नाही ते रंजिता बघेल. पिकनिकला तुमी तिच्यासोबत राहा." आवाज त्यांनी शक्य तितका मऊ केला होता, पण बोलले ते बोलले आणि फोन वाजला म्हणून निघून गेले.

रंजिता कितीतरी वेळ नखानं फडक्याची शिवण उसवत राहिली. मग म्हणाली, "मी एक चक्कर मारून आनते. तुमी आवाज ऐका."

ती गाडीवर बसली आणि गेली. बाबासो ट्रॅकच्या कडेला जाऊन उभा राहिला. गाडी चढावर चढली, उतारावरून सुटली, चिखलाच्या डबक्यातून पार झाली, लांब खाडीच्या बांधावर बारकी झाली. तो कान टवकारून ऐकत होता. कुठं टॅपेट वाजतो का, कुठं मिसिंग देते का, वळणावर दम लागतो का. सापडावं असं त्याला अजूनही वाटत होतं. मनापासून वाटत होतं. काही सापडलं नाही. पोरगी हलक्या हातानं, इंजिनाला न दुखवता चालवत होती, आणि तशी गाडी त्यानं आयुष्यात फार थोड्या लोकांना चालवताना ऐकली होती.

ती परत आली. गाडी चालूच ठेवून तिनं हेल्मेटची काच वर केली.

"आवाज कसा वाटला काका?"

बाबासोनं टोपी काढून झटकली, परत डोक्यावर नीट बसवली.

"चांगला हाय," तो म्हणाला. "सोड गाडी."